गवताला

सोसायटीच्या फाटकावर हनुमान नावाचा वॉचमन बसतो. येणाऱ्याला त्याचा एकच सवाल असतो, "काय काम हाय?" मोटारीतून येणाऱ्यांना तो हे विचारत नाही, उलट सलाम ठोकतो. चालत येणाऱ्याची मात्र त्यातून सुटका नाही. कडूबाईचं उत्तर ठरलेलं होतं. डोक्यावर रिकामं पोतं, कमरेला विळा, आणि तोंडात एकच शब्द: "गवताला." तेवढ्यावर फाटक उघडायचं आणि ती सरळ शेवटच्या बंगल्याकडं चालू लागायची.

शेवटचा बंगला सारजाबाईचा. खरं तर तिच्या मुलाचा, गोकुळचा. पण गोकुळ बायको आणि मुलीला घेऊन जर्मनीत होता, त्यामुळं बंगल्यात राहायचं काम सारजाबाईकडं आलं होतं. हर्सूलच्या पुढं जिथं कधीकाळी ज्वारी आणि बाभळी होत्या, तिथं आता अशा बंगल्यांच्या रांगा आहेत. भिंती उंच, फाटकं लोखंडी, आणि आत माणसं किती ते बाहेरून कळत नाही.

अंगणात हिरवळ हवी हा हट्ट रामकिसनचा, सारजाबाईच्या नवऱ्याचा. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. गवताचा माग काढत जायचं आणि पावसाळ्यात परत यायचं, यातच त्याची उमर गेली. गोकुळ शिकला, वाळूजच्या कंपनीत लागला, बंगला बांधला, तेव्हा बापानं त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली. "मला दारात कुरण पाहिजे." सगळे त्याला लॉन म्हणायचे, रामकिसन मरेपर्यंत कुरणच म्हणाला. गंमत अशी की कुरण दारात आलं तोवर मेंढरं विकून झाली होती, आणि सोसायटीत जनावर पाळायला बंदी होती. मग तो सकाळी अनवाणी त्यावरून फेरी मारायचा आणि "वाया चाललंय, वाया चाललंय" म्हणून हळहळायचा.

ते वाया जाऊ नये म्हणून त्यानंच एक दिवस रस्त्याकडेला विळ्यानं शेंडे खुडणाऱ्या कडूबाईला हाक मारली होती. तिच्या दोन शेळ्या होत्या. हर्सूल तळ्याच्या मागं तिची पत्र्याची खोली. नवरा नव्हता, मुलगा फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांच्या हॉटेलात कामाला होता आणि तिकडचाच झाला होता. तेव्हापासून ती दर शुक्रवारी यायची.

रामकिसन गेला, गोकुळ परदेशी गेला, आणि शुक्रवार तेवढा राहिला. कडूबाई उकिडवं बसून गवत कापायची, सारजाबाई पायरीवर चहाचा कप घेऊन बसायची. बोलायची ती सारजाबाईच. गुडघे, नळाला आठवड्यातून एकदा येणारं पाणी, व्हिडिओवर नात कशी मराठीत बोलायला लाजते, सगळं. कडूबाई कमी बोलायची, पण "व्हय" अगदी वेळेवर म्हणायची. सहा दिवस साठलेलं बोलणं त्या एका "व्हय"वर मोकळं होत असे. तेवढ्यावर सारजाबाईचा पुढचा आठवडा निघायचा, यात काही खोटं नाही.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. सोसायटीनं नळाचं पाणी झाडांना घालायची बंदी केली. टँकर आला की बंगल्यांतली शिकलेली माणसंसुद्धा पाइपवरून भांडू लागली. रामकिसनचं कुरण कडेकडेनं पिवळं पडलं. न्हाणीचं पाणी जिकडं सोडलं होतं, तो मागचा भाग तेवढा हिरवा राहिला. गोकुळ फोनवर म्हणाला, "माय, काही कर, पण दादांचं कुरण जगव." तिकडं लांब बसून त्यालाही बापाची आठवण येत असणार, आणि ती आठवण त्याच्यासाठी या एवढ्याशा गवतात होती. वाईट नव्हता पोरगा. लांब होता.

दिवाळी झाली आणि त्यानं मशीन धाडलं.

शहरातून दोन पोरं मोटारीतून आली. हनुमाननं सलाम ठोकला. त्यांनी खोक्यातून एक चपटं, काळं, चाकांचं जनावर काढलं. अंगणाच्या कडेकडेनं एक बारीक तार अंथरली, प्लॅस्टिकच्या खुंट्या ठोकून ती जमिनीशी घट्ट केली, आणि पायरीशेजारी त्या जनावराचं ठाणं बसवलं. गोकुळ व्हिडिओवरून सांगत होता. "माय, हे आपोआप गवत कापतं. कापलेलं इतकं बारीक करतं की उचलायलाही लागत नाही, तिथंच मुरतं. दमलं की स्वतःहून त्या ठाण्यावर जाऊन चार्जिंग करतं."

"चरून झाल्यावर परत चारा खाती का ही?" सारजाबाईनं विचारलं.

पोरं हसली. गोकुळही हसला. "चारा नाही माय, चार्ज. वीज."

"मग गवत खाऊन पोट भरत नाय तिचं?"

"तसंच समज."

सारजाबाईला हे जनावर पहिल्यापासून आवडलं नाही. शिंगं नाहीत, कान नाहीत, शेपूट नाही, लेंडी टाकत नाही. तिनं त्याचं नाव बोडकं ठेवलं. तार मात्र तिनं नीट बघून घेतली. पोरांनी सांगितलं, "आज्जी, ह्या तारेच्या बाहेर मशीन जात नाही. तारेजवळ आलं की वळतं."

"म्हंजी वाघूरच की," ती म्हणाली. वाघूर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची दोऱ्याची जाळी. पोरांना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी मान डोलावली.

फोन ठेवता ठेवता गोकुळ म्हणाला, "माय, आता तुला कुणाची वाट बघायला नको."

पुढच्या शुक्रवारी सारजाबाईनं नेहमीसारखा दोघींचा चहा टाकला. कडूबाई आली नाही. तिचा चहा गार झाला, तो सारजाबाईनंच गरम करून प्याला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. बोडकं मात्र रोज यायचं, झाडाला टेकायचं, वळायचं, भिंतीकडं जायचं, वळायचं. पिवळ्या पडलेल्या, वाढच नसलेल्या गवतावरूनसुद्धा नेमानं फिरायचं. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," सारजाबाई त्याला म्हणायची. ते ऐकून घेत नव्हतं, "व्हय"ही म्हणत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी ती फाटकावर गेली.

"हनुमाना, कडू दिसली नाय बरेच दिवस."

"आली होती की," हनुमान मोठ्या हुशारीनं म्हणाला. "मीच परत धाडली. म्हणलं, बाई, त्यांच्याकडं आता मशीन आलंय, गवत नाय. उगंच आतपर्यंत चालत जायाचं कामून?"

"अरे, मग तुला कुणी सांगितलं होतं परत धाडायला?"

"पण काय काम सांगू तिचं? सेक्रेटरीसाहेब इचारते. काम असल्याबिगर बाहेरचं माणूस सोडायचं नाय, असा रूल हाय, आज्जी."

हनुमानचं घर कडूबाईच्याच बाजूला. सारजाबाईनं त्याच्याकडं निरोप दिला: कडूला म्हणावं, नुसती ये, चहाला ये. दुसऱ्या दिवशी जबाब आला. "म्हणती, रिकाम्या हातानं कशी येऊ. लोक म्हणतेन, मागायला आली."

सारजाबाईला राग आला. आधी हनुमानचा, मग कडूबाईचा, आणि मग नीट विचार केल्यावर स्वतःचाच. कारण तिनं तरी काय वेगळं केलं असतं? मेंढरं घेऊन गावोगाव हिंडताना ती कुणाच्या ओसरीवर कामाशिवाय टेकली नव्हती. पाण्याला गेली, पिठाला गेली, सरपणाला गेली. गरिबाच्या बाईनं दुसऱ्याच्या दारात जायचं तर शब्दाच्या शेवटी "ला" लागतं. मशीननं गवत खाल्लं होतं ते खाल्लंच, वर कडूबाईचा तेवढा शब्दही खाल्ला.

त्या महिन्यात सारजाबाईच्या तोंडून दिवसदिवस शब्द निघत नसे. टीव्ही लावायची, पण टीव्हीला कुणी उत्तर देत नाही. एकदा गोकुळचा फोन आला तेव्हा आवाज फुटेना. सकाळपासून बोललीच नव्हती, घसा बसला होता. "सर्दी झाली का, माय?" त्यानं काळजीनं विचारलं. "व्हय," ती म्हणाली. एकटं पडल्यामुळं घसा बसतो, हे पोराला कसं सांगायचं?

संक्रांत झाली. एका सकाळी ती उन्हात बसून बोडक्याची फिरती बघत होती. ते न्हाणीच्या पाण्यावर जगलेल्या हिरव्या कोपऱ्यात शिरलं, तारेपाशी आलं, वळलं. पुन्हा शिरलं, पुन्हा वळलं. सारजाबाईच्या मनात आलं, ही कसली माणसं? दिवाळीपासून वाघूर एकाच जागी. एका जागी मेंढरं इतके दिवस कुणी बसवतं का? आज हितं, उद्या तिथं. सबंध आयुष्यात वाघुरीच्या खुंट्या उपटायचं आणि ठोकायचं काम तिनंच केलं होतं. रामकिसन नुसता "जरा वर घे, जरा खाली घे" म्हणायचा.

ती उठली. खुरपं घेतलं. खुंट्या एकेक करून उपटल्या, तार तोडली नाही, नुसती उचलली आणि हिरव्या कोपऱ्याच्या अलीकडून नेली. उरलेली तार भिंतीच्या कडेनं दाबून टाकली. गुडघ्यांनी बोंब मारली, पण हातांना काम ओळखीचं होतं. मग पदरानं घाम पुसत ती पायरीवर बसली. बोडकं ठाण्यावरून निघालं, कोपऱ्याकडं गेलं, नव्या तारेपाशी थबकलं आणि गुमान वळलं. सारजाबाई किती दिवसांनी हसली.

बंगल्याच्या फाटकावरच्या ज्या कॅमेऱ्यातून गोकुळ तिकडून अंगण बघायचा, त्यात मागचा कोपरा दिसत नव्हता, त्यामुळं त्याला काही कळलं नाही. सारजाबाई रोज न्हाणीच्या पाण्यात भांड्यांचंही पाणी घालू लागली. स्वतः दोन तांब्यांत आंघोळ उरकायची आणि बाकीची बादली कोपऱ्याला. गवत मन लावून वाढलं. घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. तेव्हा तिनं हनुमानला सांगितलं, "कडूला निरोप दे. म्हणावं, गवत झालंय."

शुक्रवारी बंगल्याच्या फाटकातून आवाज आला. "गवताला."

सारजाबाई पायरीवरून उठली नाही. दारात धावत जायचं तिच्या जिवावर आलं होतं असं नाही, पण डोळे भरून आले होते आणि ते दाखवायचे नव्हते. कडूबाई आली, पोतं खाली टाकलं, कोपऱ्याकडं बघितलं, मग तारेकडं, मग लांबून वळून चाललेल्या बोडक्याकडं. उकिडवी बसली आणि विळा लावला.

"शेळ्या कशा हायत?" सारजाबाईनं विचारलं.

"बऱ्या हायत," कडूबाई म्हणाली.

शुक्रवार परत सुरू झाले. आता कडूबाईही थोडं बोलायची. एका शेळीचा खूर दुखावलाय, दुसरी लई हट्टी झालीय, कोरडा पाला तोंडात धरत नाही, तुमच्या गवताचीच चटक लागलीय. सारजाबाई सल्ले द्यायची. खुराला हळद लाव, हट्टी शेळीला दुसरीच्या मागं बांध. कडूबाई "व्हय" म्हणायची. भारा बांधून, डोक्यावर घेऊन जाताना तिची मान ताठ असायची.

होळीच्या सुमाराला एका शुक्रवारी ती आली नाही. हनुमान म्हणाला, ताप आलाय म्हणं. सारजाबाईनं भाकरी, लसणाची चटणी आणि तापाच्या गोळ्या पिशवीत घातल्या, थोडं गवत स्वतः कापून तेही पिशवीत कोंबलं, आणि रिक्षा करून हर्सूलला गेली. तळं उघडं पडलं होतं, तळाच्या मातीला भेगा गेल्या होत्या. विचारत विचारत तिनं कडूबाईची खोली गाठली. दाराला कुलूप होतं.

खोलीच्या कडेला पत्र्याचं छप्पर होतं. त्याखाली दोन खुंट्या. खुंट्यांना दावी नव्हती, जमिनीवर लेंडी नव्हती, वास नव्हता. मेंढरांत जन्म गेलेल्या बाईला आणखी काही बघावं लागत नाही. तिथं कितीतरी दिवसांत जनावर बसलेलं नव्हतं.

शेजारच्या दारात एक बाई म्हशीला पाणी दाखवत होती. "कडूबाई दवाखान्यात गेल्या," ती म्हणाली. "बसा की."

"तिच्या शेळ्या?"

"शेळ्या? त्या तर संक्रांतीच्या आधीच इकल्या. प्यायलाच पाणी नाय, तर शेळीला कुठून आणावं?"

"मग गवत…"

"गवत व्हय? ते आमच्याच म्हशीला टाकती. दर शुक्रवारी भारा आणती, पार तिकडून, बंगल्याकडून. म्हणलं, मावशी, शेळ्या नाय, कामून एवढं चालती? तर म्हणती, गवताला जावंच लागतं." बाईनं बादली खाली ठेवली. "कोण आलतं म्हणून सांगू?"

"कुणी नाय," सारजाबाई म्हणाली. पिशवीतलं गवत तिनं म्हशीपुढं टाकलं. भाकरी आणि गोळ्या त्या बाईच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "हे तुमच्या नावानं द्या तिला."

परतीच्या रिक्षात तिला आधी संताप आला. खोटारडी! खुराला हळद लाव म्हणून मी तोंड झिजवतेय, आणि ही "व्हय, व्हय" करतेय! मग तिनं मनात हिशेब लावला. शेळ्या संक्रांतीच्या आधी गेल्या. गवत झाल्याचा निरोप तर त्यानंतरचा. म्हणजे तो निरोप पोचला तेव्हा कडूबाईच्या दारात एकही शेळी नव्हती. तरी तिनं पोतं डोक्यावर टाकलं, विळा कमरेला खोचला आणि चालत आली. सारजाबाई रिक्षात रडली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि गाण्याचा आवाज बारीक केला.

पुढच्या शुक्रवारी कडूबाई आली. तापानं चेहरा उतरला होता, पण विळा धारेचा होता. चहा झाला. ताप झाला, दवाखाना झाला. गोळ्या आणि भाकरीचा विषय दोघींनीही काढला नाही. कोपऱ्यातलं गवत एका हातानं धरत, मान वर न करता कडूबाई म्हणाली, "आक्का, शेळी व्याली. दोन पिल्लं झाली."

जनावर राखणाऱ्यांच्या घरात, व्याल्याचं ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चीक कुठाय? पहिल्या धारेचं ते दाट दूध ज्याच्या गवतावर जनावर पोसलं त्याच्या घरी आधी जातं. मागणाऱ्याला त्यात लाज नाही आणि देणाऱ्याला उपकार नाहीत. न मागणं म्हणजे मात्र तुझं दूध मला नको असं तोंडावर सांगणं. सारजाबाईनं हा प्रश्न आयुष्यात इतक्यांदा विचारला होता की तो तिच्या ओठांवर आपोआप आला. तिनं तो दातांखाली दाबला. विचारला असता तर कडूबाई चीक आणणार कुठून? आणि आणता आला नाही म्हणजे पुढच्या शुक्रवारी ती फाटकापर्यंतसुद्धा आली नसती.

विळा थांबला. कडूबाईही शेळ्यांतच म्हातारी झालेली. काय विचारलं जायला हवं होतं आणि ते विचारलं गेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं मान वर करून सारजाबाईकडं बघितलं. सारजाबाईनं नजर काढून घेतली नाही. मागं बोडकं तारेपाशी येऊन वळलं.

"रंग कसाय पिल्लांचा?" सारजाबाईनं विचारलं.

कडूबाईनं पुन्हा विळा लावला. "एक काळं हाय. एक बांडं."

"बांडं नशिबाचं असतं."

"व्हय." कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग एकेक शब्द चाचपत म्हणाली, "पण आक्का, आता एका भाऱ्यात भागायचं नाय. व्यालेली शेळी हाय. आठवड्यातून दोनदा यावं लागंल गवताला."

"ये की," सारजाबाई म्हणाली. "मंगळवारी ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा खुरपं घेतलं आणि वाघूर आणखी अलीकडं आणली. बोडक्याला पायरीसमोरचा, घोंगडीएवढा पिवळा तुकडा ठेवला. ते बाहेर यायचं, चार वेळा वळायचं आणि ठाण्यावर परत जाऊन बसायचं.

संध्याकाळी गोकुळचा फोन आला. "माय, मशीन निघतंय आणि लगेच परत येतंय असं इथं मोबाइलवर दिसतंय. बिघडलं का काय? माणूस पाठवू का?"

"माणूस नको पाठवू. काय नाय बिघडलं. मीच तार आत घेतली. शेळी व्यालीय, गवत जास्त लागतंय."

"शेळी? कुणाची शेळी, माय?"

"आमची," सारजाबाई म्हणाली.